जलशुद्धीकरण केंद्राची दैनंदिन वही : पंढरपूरच्या इतिहासाचें एक उपेक्षित साधन

पंढरपूर क्षेत्राच्या इतिहासाचीं साधनें विद्वानांनीं आजवर पुष्कळ उजेडांत आणिलीं आहेत. भीमरथीच्या तीरावरील पंडरगे गांवाचा व पुंडरीक मुनींचा उल्लेख करणारा होयसळ राजा सोमेश्वर याचा इ. स. १२३७ चा लेख, यादव रामदेवरावाच्या काळचा चौऱ्यांशीचा शिलालेख (शके ११९५ ते ११९९), बडवे व उत्पात यांच्या तंट्यांचे निवाडे, पेशवाईंतील दानपत्रें, हीं सर्व अभ्यासकांस परिचित आहेत. परंतु या साधनांकडे एकत्र पाहिलें असतां एक गोष्ट सहज ध्यानांत येते. तीं सर्व देवाचीं साधनें आहेत, गांवाचीं नव्हेत. आषाढींत लक्षावधि माणसें या गांवीं येतात, चार दिवस राहतात, व त्या चार दिवसांत त्यांना पाणी प्यावें लागतें. तें पाणी त्यांना कोणी, कोठून व कोणत्या स्थितींत दिलें, या प्रश्नाचें उत्तर शिलालेखांत मिळणार नाहीं. तें नगरपालिकेच्या जलशुद्धीकरण केंद्रांत दर तासाला भरल्या जाणाऱ्या एका साध्या रेघांच्या वहींत मिळतें. ही वही म्हणजे इतिहासाचें अस्सल साधन होय, असें माझें म्हणणें आहे. तें वाचावें कसें व त्यावर विश्वास किती ठेवावा, हें या लेखांत सांगावयाचें आहे.

आधीं थोडें मागें गेलें पाहिजे. पाणी शुद्ध करण्याची कल्पना आपल्याकडे नळाबरोबर विलायतेहून आली असा एक समज आहे. व तिच्या उलट, सर्व कांहीं आपल्या ग्रंथांत पूर्वींच होतें असाहि एक समज आहे. दोन्ही अर्धवट आहेत. सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानांतील पंचेचाळिसाव्या अध्यायांत, म्हणजे द्रवद्रव्यविधींत, गढूळ पाणी निवळविण्याचीं सात साधनें दिलीं आहेत : कतक म्हणजे आपली निवळी, गोमेद, कमळाचा कंद, शेवाळाचें मूळ, वस्त्र, मोतीं व मणि. त्याच ठिकाणीं बिघडलेल्या पाण्यासाठीं निराळे उपाय सांगितले आहेत : अग्नीवर उकळणें, उन्हांत तापविणें, व तापविलेला लोखंडाचा गोळा, वाळू किंवा ढेकूळ त्यांत विझविणें. येथें ग्रंथकारानें कलुष व व्यापन्न असे दोन शब्द वेगवेगळे योजिले आहेत, हें महत्त्वाचें आहे. कलुष पाणी डोळ्यांना दिसतें. व्यापन्न पाणी स्वच्छ दिसूनहि वाईट असूं शकतें. एकाचा उपाय दुसऱ्यास लागू पडत नाहीं. आजच्या केंद्रांतहि तुरटी व वाळू हें एक काम, आणि क्लोरिन हें दुसरें काम, अशी विभागणी आहे; आणि वहींत त्यांचे रकानेहि वेगळे असतात.

निवळीचें बी भांड्याच्या आंतल्या अंगास घासलें म्हणजे गाळ तळीं बसतो, ही गोष्ट इतकी सर्वविदित होती कीं कालिदासानें मालविकाग्निमित्रांत तिचा दृष्टांत केला. मनुस्मृतीच्या सहाव्या अध्यायांत तर असें सांगितलें आहे कीं, कतकाचें फळ पाणी निवळवितें खरें, पण त्याचें नुसतें नांव घेतल्यानें पाणी निवळत नाहीं. संन्याशाच्या बाह्य चिन्हांविषयीं सांगतांना आलेलें हें वाक्य पाणीपुरवठ्याच्या प्रत्येक कचेरींत लावून ठेवण्याजोगें आहे! वराहमिहिरानेंहि बृहत्संहितेच्या दकार्गलाध्यायांत विहिरींत टाकण्याचें एक चूर्ण सांगितलें आहे व त्यांत कतक आहेच. संस्कृतांत ‘प्रसन्न’ या शब्दाचा मूळ अर्थ निवळलेलें असा आहे व तो पाण्यासच प्रथम लागतो; मनाला तो मागाहून लागला. मात्र हे सर्व उपाय घागरीचे आहेत, फार तर एका विहिरीचे. एका गांवाला रोज पुरेल इतकें पाणी शुद्ध करून तें मोजून देणें ही कल्पना या ग्रंथांत नाहीं, व तीं असावी अशी अपेक्षाहि करूं नये.

निजामशाही व मराठी अमदानींत गांवास पाणी आणण्याचीं मोठीं कामें झालीं. औरंगाबादेस मलिक अंबरानें आणलेली नहर व पुण्यास नानासाहेब पेशव्यांनीं आणलेला कात्रजचा नळ ही त्यांचीं उदाहरणें होत. कात्रजच्या नळावर ठिकठिकाणीं जे उच्छ्वास बांधले आहेत त्यांत पाणी क्षणभर थांबून गाळ खालीं बसत असे. म्हणजे निवळण्याची व्यवस्था होती, गाळण्याची नव्हती. पंढरपुरास असा नळ आणण्याचें कारणच नव्हतें, कारण नदी दाराशीं होती. दानशूरांनीं घाट बांधिले ते नदींत उतरण्यासाठीं; नदी घरीं आणण्यासाठीं नव्हे. उन्हाळ्यांत पात्र आटलें म्हणजे वाळवंटांत झिरे खणून पाणी काढण्याची जी रीत आपल्याकडे नदीकांठच्या सर्व गांवांत आहे, ती नीट पाहिली तर वाळूच्या गाळणीची निसर्गानें मांडलेली शाळाच आहे. वाळूंतून संथपणें झिरपलेलें पाणी पात्रांतील पाण्यापेक्षां चांगलें असतें, हें खेडवळ बाईलाहि माहीत असतें.

हीच गोष्ट स्कॉटलंडांतील पेस्ली गांवीं जॉन गिब यानें १८०४ सालीं कृत्रिम रीतीनें केली, व १८२९ त जेम्स सिम्प्सन यानें लंडनच्या चेल्सी कंपनीसाठीं तिला मोठें रूप दिलें. तेव्हां हेतु एवढाच होता कीं पाणी दिसण्यांत स्वच्छ असावें. कॉलऱ्याशीं पाण्याचा संबंध आहे हें जॉन स्नो यानें १८५४ सालीं लंडनमध्यें दाखविलें, व रॉबर्ट कॉख यानें १८८४ त कलकत्त्यास तलावाच्या पाण्यांत त्या रोगाचा जंतु पाहिला. तरीहि वादी गप्प बसले नव्हते. ते बसले १८९२ सालीं. त्या वर्षीं हँबुर्ग शहर एल्ब नदीचें पाणी न गाळतां पीत होतें व तेथें आठ हजारांहून अधिक माणसें कॉलऱ्यानें मेलीं. शेजारचें आल्टोना हें गांव नदीच्या खालच्या अंगास, हँबुर्गची घाण मिसळलेलें पाणी घेत होतें, पण तें वाळूंतून गाळून देत होतें, आणि तें जवळजवळ वांचलें. दोन्ही गांवांची हद्द एका रस्त्यावर होती. वाळूच्या थराचें याहून निर्णायक प्रमाणपत्र मिळणें कठीण.

पंढरपूरचा या जगाशीं संबंध यात्रेमुळें आला. १८६५ च्या हजयात्रेंतून कॉलरा युरोपांत पसरल्यावर १८६६ त कॉन्स्टँटिनोपल येथें आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषद भरली, व तेव्हांपासून हिंदुस्थानांतील प्रत्येक मोठी यात्रा सरकारच्या दृष्टीनें संशयित ठरली. पंढरीची यात्रा त्यांत अग्रभागीं होती. येथून परत जाणाऱ्या दिंड्यांबरोबर रोग गांवोगांव जातो अशी तक्रार एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत वारंवार आढळते. दुर्दैवानें ती निराधार नव्हती. आषाढींत नदीस पहिला पूर आलेला असतो. वरच्या मुलुखाची सगळी माती व घाण घेऊन ती येते, आणि नेमक्या त्याच पंधरवड्यांत लक्षावधि लोक तिच्यांत स्नान करून तेंच पाणी तीर्थ म्हणून घेतात. १९०६ सालीं बार्शी लाइट रेल्वे कुर्डुवाडीहून पंढरपुरापर्यंत आली व १९२७ त ती पुढें मिरजेस गेली. यात्रेकरू वाढले, व पायीं चालतांना जो रोगी वाटेंत पडला असता तो आतां चार प्रहरांत घरीं पोंचूं लागला. पुढें वारकऱ्यांस कॉलऱ्याची लस टोचण्याची वहिवाट पडली. परंतु लस हा माणसाचा बंदोबस्त झाला, पाण्याचा नव्हे.

पाण्याचा बंदोबस्त नगरपालिकेकडे आला. १८५० च्या सव्विसाव्या कायद्यानें आपल्याकडील पुष्कळशा लहान शहरांत नगरपालिका स्थापन झाल्या. पंढरपूरची नगरपालिका १८५५ ची. त्यानंतर १८७३, १८८४ व १९०१ चे मुंबई इलाख्याचे कायदे आले व १९६५ चा महाराष्ट्राचा कायदा आला. त्या काळीं मोठ्या शहरांचें लक्ष दूरचें पाणी आणण्याकडे होतें. मुंबईस विहार (१८६०), तुळशी (१८७९) व तानसा (१८९२) हे तलाव झाले, पुण्यासाठीं खडकवासल्याचें धरण झालें. डोंगरांतील तलावाचें पाणी मुळांतच बरें असल्यामुळें गाळणीची निकड तेथें कमी भासली. नदीकांठच्या गांवांस ती सवलत नव्हती. हुगळीचें पाणी घेणाऱ्या कलकत्त्यानें पल्ता येथें वाळूच्या गाळण्या १८७० च्या सुमारासच बांधल्या, त्याचें कारण हेंच. पंढरपूर या बाबतींत मुंबईच्या नव्हे, कलकत्त्याच्या जातीचें गांव आहे.

आतां प्रत्यक्ष केंद्राचें काम पाहूं. वही समजण्यास तें समजलें पाहिजे. नदीच्या पात्रांत किंवा कांठीं जॅकवेल असते; तींतून पंपानें कच्चें पाणी उपसून केंद्रांत आणतात. तेथें तें पायऱ्यांवरून पाडून हवेशीं मिसळतात. मग त्यांत तुरटीचें पाणी सोडतात (अलीकडे कित्येक ठिकाणीं तुरटीऐवजीं पॉलि ॲल्युमिनियम क्लोराइड वापरतात). मातीचे कण इतके सूक्ष्म असतात कीं आपण होऊन ते बसत नाहींत. तुरटीमुळें ते एकमेकांस चिकटून कापसासारखे पुंजके होतात व मोठ्या गोल टाकींत सावकाश तळीं जातात. तुरटी किती घालावी हें रोज ठरवावें लागतें. सहा कांचपात्रांत तेंच पाणी घेऊन प्रत्येकांत वेगळें प्रमाण घालतात, ढवळतात, थोडा वेळ स्थिर ठेवतात, आणि ज्या सर्वांत कमी प्रमाणानें पाणी नितळ झालें तें त्या दिवसाचें मान धरतात. यास केंद्रांत जार टेस्ट म्हणतात. वैद्य नाडी पाहून मात्रा ठरवितो, त्यांतलाच हा प्रकार.

निवळलेलें पाणी मग वाळूवर येतें. जुनी संथ गाळणी दर चौरस मीटरास तासाला शंभर ते दोनशें लिटर पाणी देते. तिच्या वरच्या थरांत एक सजीव साय धरते व जंतु मारण्याचें काम ती सायच करते. नवी शीघ्र गाळणी त्याच जागेंतून तासाला पांच ते सहा हजार लिटर देते, पण ती साय तींत नसते. वेग मिळाला व सजीव साय गेली. म्हणून शीघ्र गाळणीच्या मागोमाग क्लोरिन अपरिहार्य झाला. अमेरिकेंतील जर्सी सिटीनें १९०८ पासून तो रोज घालण्यास आरंभ केला, व तेथून ती रीत जगभर गेली. शीघ्र गाळणींतील वाळू एक-दोन दिवसांत गच्च होते. वरचें पाणी व खालचें पाणी यांच्या पातळींतील दाबाचा फरक सुमारे दोन मीटरांवर गेला कीं, गाळणी बंद करून खालून हवा व पाणी उलटें सोडून ती धुतात. शेवटीं शुद्ध पाण्याच्या टाकींत क्लोरिन मिसळतात, त्यास अर्धा तास अवधि देतात, आणि तेथून तें उंच टाक्यांत चढवितात. पुढें वॉलमनचें राज्य सुरू होतें.

या सर्व क्रियेचा हिशेब वहींत येतो. पाळीवर असलेल्या माणसानें दर तासाला कच्च्या पाण्याचा गढूळपणा, तुरटीचें प्रमाण, प्रत्येक गाळणींतील दाबाचा फरक, ती धुतल्याची वेळ, शुद्ध पाण्याचा गढूळपणा, शेष क्लोरिन, पंपांचे तास आणि बाहेर गेलेलें पाणी लिहावयाचें असतें. भारतीय मानक १०५०० प्रमाणें पिण्याच्या पाण्याचा गढूळपणा १ एककापर्यंत असावा, व दुसरें चांगलें पाणी नसेल तर ५ पर्यंत चालतो. आणि नळाशीं शेष क्लोरिन लिटरमागें निदान ०.२ मिलिग्राम असला पाहिजे. वहीचे दोन रकाने म्हणजे सुश्रुताचे कलुष व व्यापन्न.

अस्सल कागद म्हणून या वहीची परीक्षा मात्र केलीच पाहिजे. राजवाड्यांनीं घालून दिलेला नियम बखरीसच लागू आहे व नगरपालिकेच्या वहीस नाहीं असें नव्हे. ज्या वहींत महिनाभर, चोवीस तास, शेष क्लोरिन ०.५ च लिहिलेला आहे, अक्षर एक, शाई एक, ती वही तासातासाला भरलेली नाहीं. महिन्याच्या शेवटीं एका बैठकींत भरलेली आहे. भांडारकर संस्थेच्या महाभारताच्या चिकित्सित आवृत्तींत कठीण पाठ सोप्या पाठापेक्षां अधिक विश्वसनीय मानिला आहे. येथेंहि ओबडधोबड आंकडा वाटोळ्या आंकड्याहून अधिक विश्वसनीय असतो. ज्या दिवशीं गढूळपणा एकदम वाढला, तुरटी वाढवावी लागली, गाळणी तीन वेळां धुतली आणि पाळीवाल्यानें रकान्याबाहेर दोन शब्द लिहिले, त्या दिवसाचें पान खरें.

परीक्षेचें दुसरें साधन म्हणजे अन्य कागदांशीं ताळा. बाहेर गेलेल्या पाण्याचा आंकडा पुष्कळ ठिकाणीं मापकावरून नव्हे, तर पंपाचे तास गुणिले पंपाची छापील क्षमता असा काढलेला असतो. पंप जुना झाला कीं ती क्षमता राहत नाहीं, पण वहींत ती राहते! अशा वेळीं वीजबिल पाहावें. एक कोट लिटर पाणी चाळीस मीटर उंच चढविण्यास, यंत्रांची एकंदर कार्यक्षमता शेंकडा सत्तर धरली तर, सुमारे साडेपंधराशें युनिट वीज लागते. वहींत पाणी दुप्पट आणि बिलांत वीज तितकीच, असें दिसलें तर कोणता कागद खोटा बोलतो हें सांगावयास नको. तशीच कोठीची वही. लिटरमागें ३० मिलिग्राम तुरटी म्हणजे एक कोट लिटरांस ३०० किलो, म्हणजे पन्नास किलोचीं सहा पोतीं. त्या दिवशीं कोठींतून दोनच पोतीं निघालीं असतील तर प्रमाणाचा रकाना वाचण्याचे श्रम घेऊं नयेत. आणि कच्चें पाणी व शुद्ध पाणी यांतील फरक गाळणी धुण्यांत व गाळ काढण्यांत जातो. तो शेंकड्यास थोडकाच असावयाचा. कांहींच फरक नसेल तर गाळण्या धुतल्याच नाहींत, किंवा एक रकाना दुसऱ्यावरून उतरला आहे.

मापाचाहि घोटाळा असतो. १९५६ च्या वजनमापांच्या कायद्यानंतर दशमान पद्धति हळूहळू आली. तत्पूर्वीं हिशेब गॅलनांत होत. एक गॅलन म्हणजे ४.५४६ लिटर. साठाव्या सालाच्या आसपासच्या आंकड्यांत मथळा लिटरचा व आंकडा गॅलनचा असा संकर संभवतो, व तो न ओळखणारा अभ्यासक गांवाचा पाणीपुरवठा एका रात्रींत साडेचार पटींनीं वाढवील किंवा घटवील.

पंढरपूरच्या वहीस आणखी एक अडचण आहे, आणि ती पंचांग जाणणाराच सोडवूं शकेल. वही इंग्रजी तारखेनें चालते. यात्रा तिथीनें चालते. आषाढी एकादशी २०१५ सालीं अधिक आषाढामुळें २७ जुलैला आली. २०२३ सालीं अधिक श्रावण पुढें असल्यानें ती २९ जूनला होती. म्हणून जुलैची जुलैशीं तुलना करणाराला पाणी कधीं वाढलेलें व कधीं घटलेलें दिसेल, आणि तो त्याचीं नाहीं नाहीं तीं कारणें शोधील. पहिलें काम हें कीं प्रत्येक पानावर शक, मास व तिथि चढवावी, व आषाढ शुद्ध अष्टमीपासून पौर्णिमेपर्यंतचा भाग वेगळा काढावा. कार्तिकी, माघी व चैत्री यांचेंहि तसेंच. त्यांत कार्तिकी व आषाढी यांची जोडी विशेष बोधप्रद होईल. गर्दी दोन्हीकडे आहे, पण एकीस नदी गढूळ व दुसरीस निवळलेली. गर्दीचा परिणाम कोणता व पुराचा कोणता हें त्यांवरून वेगळें काढतां येतें.

नदीचें वर्तनहि सर्वकाळ एक राहिलेलें नाहीं. १९८० सालीं उजनीचें धरण पुरें झालें. त्यापूर्वींची भीमा पावसावर चालत होती. त्यानंतरची भीमा बऱ्याच अंशीं दरवाज्यांवर चालते. यात्रेच्या स्नानासाठीं व नदीकांठच्या शहरांच्या पिण्यासाठीं धरणांतून पाणी सोडलें जातें, आणि मधल्या वाटेंत तें किती मुरतें, किती उडतें व किती उसांत शिरतें हा वेगळ्या लेखाचा विषय आहे. पण धरणानें पुराचें भय संपलें असें समजूं नये. नीरा ही नरसिंहपुराजवळ, उजनीच्या खालीं, भीमेस मिळते. तेव्हां वीर धरणांतून सुटलेलें नीरेचें पाणी उजनीस न विचारतां पंढरपुरास येतें. १९८० नंतरच्या वहींत एकाएकीं गढूळपणा चढलेला दिसला तर कारण वर उजनींत न शोधतां नीरेकडे पाहावें.

यात्रेकरूंच्या संख्येसाठीं या वहीचा उपयोग होईल काय, असा प्रश्न सहज येतो. वर्तमानपत्रांतील दहा लाख, पंधरा लाख हे आंकडे अंदाजाचे असतात. पाणी मात्र मोजलेलें असतें. समजा, नित्यापेक्षां त्या दिवशीं तीस लाख लिटर अधिक गेलें. माणशीं दहा लिटर धरले तर तीन लाख माणसें होतात, वीस धरले तर दीडच लाख. शिवाय कित्येक यात्रेकरू नदीवरच भागवितात, मठ-धर्मशाळांच्या विहिरी व कूपनलिका आहेत, टँकर आहेत, पैलतीरावरील पासष्ट एकराच्या तळावर वेगळी सोय आहे. त्याहून मोठा दोष असा कीं, यात्रेंत केंद्र चोवीस तास पूर्ण वेगानें चालतें. तीस चौरस मीटरांची एक गाळणी तासाला दीडशें घनमीटरच देणार; माणसें दुप्पट आलीं म्हणून ती तीनशें देणार नाहीं. म्हणजे त्या दिवशींचा आंकडा ही कारखान्याची मर्यादा आहे, यात्रेची नव्हे. संख्या ठरविण्यास ही वही निरुपयोगी आहे असें माझें मत. पण माणशीं पाणी किती आलें हें ठरविण्यास ती उत्तम आहे. २०११ च्या खानेसुमारींत गांवाची वस्ती सुमारें एक लाख होती. मलनिःसारणाची सोय असलेल्या शहरास माणशीं १३५ लिटर या मानानें रोज १.३५ कोट लिटर लागतें. त्याच पाण्यावर एकादशीस आणखी पांच लाख माणसें बसविलीं तर वांटणी माणशीं साडेबावीस लिटरांवर येते. गाडगे महाराजांनीं येथें धर्मशाळा बांधल्या व वाळवंट झाडलें; त्यांना जें डोळ्यांनीं दिसत होतें तें या भागाकारांत आंकड्यांनीं दिसतें.

सुदैवानें अलीकडचीं दोन वर्षें अशीं मिळालीं आहेत कीं ज्यांत यात्रा अशी भरलीच नाहीं. २०२० व २०२१ सालीं महामारीमुळें पालख्या पायीं आल्या नाहींत. पादुका वाहनांतून आणल्या गेल्या. २०२० ची आषाढी १ जुलैला व २०२१ ची २० जुलैला होती. नदी होती, पाऊस होता, गांव होतें. फक्त यात्रेकरू नव्हते. या दोन वर्षांचीं आषाढ शुद्धाचीं पानें मागील व पुढील वर्षांच्या त्याच तिथींच्या पानांशेजारीं ठेविलीं, कीं गढूळपणांत, शेष क्लोरिनांत व टाकीच्या पातळींत यात्रेचा खरा वांटा किती तें उघड होईल. अशी संधि संशोधकास क्वचितच येते.

ही पानें राहतील तरच हें होईल. एका नगरपालिकेंत, तिचें नांव सांगण्याचें प्रयोजन नाहीं, मीं जुन्या वह्यांची चौकशी केली तेव्हां त्या मागील दिवाळीपूर्वीं रद्दींत वजनावर गेल्या असें उत्तर मिळालें. देणाऱ्या कारकुनानें तें लपविलें नाहीं; त्यांत लपविण्यासारखें आहे असें त्याला वाटलेंच नव्हतें. आतां तर नोंदी संगणकावर होतात व यंत्र बदललें कीं त्या नाहींशा होतात. रद्दीवाल्याचीहि गरज राहिली नाहीं. तेव्हां मंडळाच्या सभासदांपैकीं ज्यांचा नदीकांठच्या नगरपालिकांशीं परिचय असेल त्यांनीं निदान एवढें टांचण करून पाठवावें : वही कोणत्या सालापासून कोणत्या सालापर्यंतची आहे, माप गॅलन कीं लिटर, बाहेर गेलेलें पाणी मापकानें मोजलें कीं पंपाच्या तासांवरून, त्याच सालांचीं वीजबिलें व कोठीच्या वह्या उपलब्ध आहेत काय, आणि रकान्याबाहेर लिहिलेला मजकूर असल्यास तो शब्दशः, त्याच्या चुकांसकट.